उरलेली उकडलेली अंडी: फेकायची नाहीत, पण जपायची कशी?

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी धाकट्या पुतण्याचा अकीका होता. बिर्याणीच्या प्रत्येक ताटावर एक उकडलेलं अंडं ठेवायचं ठरलं, म्हणून तीन ट्रे, म्हणजे नव्वद अंडी, दुपारी बारालाच उकडून सोलून ठेवली. पाहुणे अंदाजापेक्षा कमी आले. रात्री अकराला भांडी आवरायला घेतली तेव्हा टोपात बावीस अंडी तशीच होती.

फ्रिज मटणाने आणि दुधाने भरलेला. सगळ्या जणी दमलेल्या. फुफू म्हणाल्या, "अगं, झाकण घाल आणि झोपा आता. सकाळी सालन करू, एवढी अंडी काय फेकणार आहात?" अन्न फेकणं म्हणजे इसराफ, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आम्ही झाकण घातलं आणि झोपलो.

सकाळी झणझणीत सालन झालं, सगळ्यांनी पावाबरोबर आवडीने खाल्लं. दुपारनंतर घरातल्या तीन मुलांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. चार वर्षांच्या पुतणीला तर दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लं?" आणि दुसरा, "ते कधी शिजवलं होतं?" आम्ही हिशेब केला. दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ, म्हणजे वीस तास. तेही मे महिन्याच्या उकाड्यात.

अल्हम्दुलिल्लाह, मुलं दोन दिवसांत बरी झाली. पण त्यानंतर फुफूंनी फर्मान काढलं, की उन्हाळा संपेपर्यंत या घरात अंडं येणार नाही, अंडं 'गरम' पडतं. पुढचा दीड महिना अंडी बंद. त्याचा फटका नेमका कोणाला बसला, ते आमच्या उशिरा लक्षात आलं. अंगावर पाजणाऱ्या आमच्या भाभींना, आणि शाळेत जाणाऱ्या मुलींना. पुरुष मंडळी बाहेर खातात. घरातल्या बायकांच्या ताटातलं स्वस्त आणि चांगलं प्रथिन मात्र तेवढंच होतं.

म्हणून या महिन्यात आम्ही दोन्ही गोष्टी एकत्र लिहायच्या ठरवल्या: अंडं घरात का हवं, आणि उकडलेली अंडी उरली तर ती वाया न घालवता, कोणाला आजारीही न पाडता, कशी संपवायची.

एका अंड्यात काय असतं?

पन्नास ग्रॅमच्या आसपासच्या एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ७० ते ७५ कॅलरी असतात. आकडा छोटा वाटतो, पण प्रथिनांचा दर्जा फार वरचा आहे. शरीराला बाहेरून मिळवावी लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं त्यात आहेत, आणि शिजवलेल्या अंड्यातलं प्रथिन शरीराला चांगलं पचतं. कच्च्या अंड्यातलं तेवढं पचत नाही, त्यामुळे दुधात कच्चं अंडं फेटून प्यायल्याने ताकद येते हा समज सोडून द्यावा. शिवाय कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्गाची भीती असते ती वेगळीच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन हवं. म्हणजे ५५ किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत यावर आणखी सुमारे २२ ग्रॅम लागतात. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात, बाकीचं डाळ, दूध, दही, मासे, मटण यांतून भरून निघतं.

प्रथिनाशिवाय अंड्यात ब-१२, अ आणि ड जीवनसत्त्व असतं. कोलीन नावाचा एक घटक असतो, जो पोटातल्या बाळाच्या आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी लागतो. डोळ्यांच्या पडद्यासाठी उपयोगी असलेले ल्युटिन आणि झिअॅक्झँथिन हेही असतात. यातलं जवळजवळ सगळं पिवळ्या बलकात आहे. आमचा व्यायामशाळेत जाणारा एक भाचा रोज चार अंड्यांचा पांढरा भाग खातो आणि चार बलक कचऱ्यात टाकतो. त्याला हे सांगितलं तेव्हा तो चकित झाला. अंड्यातलं जवळपास निम्मं प्रथिनसुद्धा बलकातच असतं.

अंड्यात काय नसतं, तेही माहीत हवं. त्यात क जीवनसत्त्व नाही आणि चोथाही नाही. लोह थोडं आहे, पण ते शरीरात फारसं शोषलं जात नाही. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये ५७ टक्क्यांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. नुसती अंडी खाऊन तो जाणार नाही. त्यासाठी मटण, कलेजी, पालेभाज्या, कडधान्यं, वरून लिंबू आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या हव्यातच. अंडं या सगळ्याच्या जोडीला बसतं, त्यांच्या जागी नाही.

कोलेस्टेरॉलची भीती आणि 'गरम' अंडं

एका अंड्यात साधारण १८५ ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, हे खरं आहे. म्हणूनच पूर्वी घरोघरी अब्बांच्या ताटातून अंडं काढून टाकलं जाई. पण आपल्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं, आणि ते वाढायला तूप, डालडा, तळणीचं तेल, चरबीदार मटण यांतली संपृक्त चरबी जास्त कारणीभूत ठरते. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शनातही २०१५ पासून रोज ३०० मिलिग्रॅमची ठरावीक मर्यादा काढून टाकली आहे. निरोगी माणसाने रोज एक अंडं खायला सहसा हरकत नसते. मात्र मधुमेह, हृदयविकार किंवा वाढलेलं कोलेस्टेरॉल असेल, त्यांनी आठवड्याला किती खायची ते आपल्या डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनाचं मापही डॉक्टरच ठरवतील.

'गरम पडतं' याबद्दल फुफूंशी आमचा बराच वाद झाला. उन्हाळ्यात अंडं खाल्ल्याने निरोगी शरीर तापत नाही. उन्हाळ्यात अंड्याने त्रास होतो तो बहुतेक वेळा अंडं उघड्यावर राहून खराब झाल्यामुळे. आमच्या घरी झालं ते हेच. दोष अंड्याच्या अंगचा नव्हता, वीस तासांचा होता.

गावठी आणि पांढरं यांत किती फरक, असंही आमच्या भगिनी विचारतात. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पोषणावर नाही. बलकाचा गडदपणा कोंबडीच्या खाण्यावर ठरतो. गावठी अंडी चवीला आवडत असतील तर जरूर घ्यावीत, पण ती परवडत नाहीत म्हणून मुलांना अंडीच न देणं योग्य नाही.

कोणाच्या ताटात आधी?

अंडी मोजकीच असली की ती आधी कर्त्या पुरुषाला आणि मुलग्यांना वाढली जातात, उरलं तर मुलींना, आणि शेवटी बायका रश्शाला पाव लावून जेवतात. हे कोणी मुद्दाम करत नाही, तशी सवयच पडलेली असते. पण गरज कोणाची जास्त, हा हिशेब मांडला तर क्रम उलटा येतो: गरोदर आणि पाजणारी बाई, वाढत्या वयातली मुलं-मुली, दात नसलेले आणि कमी जेवणारे वृद्ध. वृद्धांना तर उकडलेलं अंडं फार सोयीचं. ते चावायला मऊ असतं आणि थोड्या घासांत पोषण मिळतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवून, द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. त्यामुळे ज्या मुलांना शाळेत अंडं मिळत होतं, त्यांच्यापैकी अनेकांना ते आता घरीच मिळायला हवं.

बाळाला सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू केलं की पूर्ण शिजलेलं अंडं कुस्करून अगदी थोडं देऊन पाहावं. अंगावर पुरळ, ओठांना सूज, उलटी असं काही दिसलं तर थांबून डॉक्टरांना दाखवावं. लहान मुलांच्या हातात अख्खं उकडलेलं अंडं देऊ नये, ते घशात अडकू शकतं. बारीक तुकडे करून द्यावं.

उरलेली अंडी जपायची कशी?

यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. उकडलेलं अंडं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. भर उन्हाळ्यात, पारा बत्तिशीच्या वर असेल तेव्हा, एक तासच धरावा. कच्चं अंडं टिकतं म्हणून उकडलेलंही टिकेल असं आपल्याला वाटतं, पण उलट आहे. कच्च्या अंड्याच्या कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो उकडताना निघून जातो आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून जंतूंना वाट मिळते. सोललेल्या अंड्याला तर कवचही नसतं, शिवाय सोलताना आपल्या हातांचे जंतू लागतात.

"पुन्हा उकळलं की सगळे जंतू मरतात," हा आमचाही समज होता. जंतू मरतात, पण त्यातल्या काहींनी अन्नात आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. म्हणूनच आमचं सालन चांगलं उकळलेलं असूनही मुलं आजारी पडली. रात्रभर बाहेर राहिलेल्या बिर्याणीच्या भातालाही हेच लागू आहे.

आता आमच्या घरी हे नियम आहेत:

मोठ्या दावतीत अंडी दोन खेपांत उकडायची. अर्धी आधी, उरलेली पाहुण्यांचा अंदाज आल्यावर. पाण्याला उकळी आल्यापासून दहा ते बारा मिनिटं पुरतात, तेवढा वेळ पंगत वाढताना नक्की मिळतो. न उकडलेली अंडी उरली तर चिंताच नाही.

उकडली की लगेच थंड पाण्यात टाकायची. त्याने सोलायला सोपी जातात आणि लवकर गार होतात. फार जास्त वेळ उकडली की बलकाभोवती हिरवट-करडी कडा येते. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचा तो संयोग असतो. दिसायला बरं नसलं तरी ते खायला चालतं.

उरलेली अंडी शक्यतो कवचासकट, पुसून कोरडी करून, झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये आत ठेवायची, दारात नाही. डब्यावर तारीख लिहायची. अशी अंडी आठवडाभर टिकतात. सोललेली किंवा कवच तडकलेली असतील तर दोन दिवसांत संपवायची. मसाल्यात किंवा बिर्याणीत मिसळलेली असतील तर तीही दोन दिवसांत, आणि एकदाच गरम करून. वीज वारंवार जात असेल तर हे दिवस आणखी कमी धरावेत.

फ्रिज नसेल तर ठेवण्याचा विचारच करू नये. दोन तासांच्या आत शेजारीपाजारी, कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी, रखवालदाराकडे पाठवून द्यावीत. त्यांनाही सांगावं, की आजच खा.

उकडलेली अंडी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत, पांढरा भाग रबरासारखा होतो. मायक्रोवेव्हमध्ये अख्खं अंडं गरम करू नये, ते फुटतं आणि तोंड भाजतं.

अंडं बुळबुळीत लागलं किंवा वास विचित्र आला तर सरळ टाकून द्यावं. आणि ते किती तास बाहेर होतं हेच आठवत नसेल, तर वास चांगला असला तरी टाकावं. विष झालेल्या अन्नाला नेहमी वास येतोच असं नाही.

संपवायच्या सहा सोप्या तऱ्हा

*सालन.* सहा अंड्यांसाठी दोन कांदे, दोन चमचे सुकं खोबरं आणि एक चमचा खसखस भाजून वाटावं. तेलात आलं-लसूण, एक टोमॅटो, हळद, तिखट, धणेपूड परतून वाटण घालावं, पाणी घालून रस्सा चांगला उकळू द्यावा. अंड्यांना सुरीने चिरा देऊन ती शेवटच्या पाच मिनिटांतच घालावीत. आधीच घातली तर चिवट होतात.

*डब्यासाठी भुर्जी.* कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो, हळद परतून घ्यावं. त्यात किसलेली उकडलेली अंडी, मूठभर वाफवलेले मटार आणि कोथिंबीर घालून दोन मिनिटं परतावं. ती कोरडी होते, त्यामुळे चपातीत गुंडाळून डब्यात देता येते.

*इफ्तारची टिक्की.* चार अंडी आणि तीन मध्यम उकडलेले बटाटे कुस्करावेत. कांदा, मिरची, पुदिना, जिरेपूड, मीठ घालून चपट्या टिक्क्या कराव्यात, रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात भाजाव्यात. भज्यांसारखं तेल यात भरत नाही. सहेरीलाही अंडं चांगलं, पोट बराच वेळ भरलेलं राहतं. फक्त वरून मीठ आणि चाट मसाला कमी घालावा, नाहीतर दिवसभर तहान लागते.

*नर्गिसी कोफ्ता.* पाहुणे पुन्हा यायचे असतील तर हा शाही प्रकार. अर्धा किलो बारीक खिमा आलं-लसूण, गरम मसाला घालून पाणी आटेपर्यंत शिजवावा, तीन चमचे फुटाण्याचं पीठ घालून वाटावा. सहा अख्ख्या अंड्यांभोवती त्याचा थर द्यावा, कच्च्या फेटलेल्या अंड्यात बुडवून तळावं. मधोमध कापलं की पांढऱ्यात पिवळं दिसतं, नर्गिसच्या फुलासारखं. नाव त्यावरूनच पडलं.

*लिंबाची कोशिंबीर.* उकडलेले काबुली चणे, काकडी, कांदा, टोमॅटो आणि अंड्याच्या फोडी, वर भरपूर लिंबू. अंड्यात नसलेलं क जीवनसत्त्व आणि चोथा इथे मिळतो, आणि लिंबामुळे चण्यातलं लोहही चांगलं लागू पडतं. आमच्या मुली ही सगळ्यात आधी संपवतात.

*खिचडी-खट्ट्याबरोबर.* मराठवाड्यातल्या आमच्या मावशीकडे सकाळी मसुरीची खिचडी आणि तीळ, शेंगदाणे, चिंचेचा खट्टा असतो. खिमा नसेल त्या दिवशी त्या अंड्याच्या चकत्या तेलात जिरं, लाल मिरची, कढीपत्ता टाकून हलक्या परततात आणि खिचडीवर ठेवतात. पाच मिनिटांचं काम.

आता आमच्या घरी

बकरी ईदनंतर घरात अंडी पुन्हा सुरू झाली. भाभींना आता रोज सकाळी एक अंडं आधी दिलं जातं, मग बाकीच्यांचा चहा. दावत असली की कोणीतरी एक जण रात्रीच्या उरलेल्या अन्नाची जबाबदारी घेतं. हात धुवून पहिलं काम तेच, भांडी नंतर. यंदाच्या रमजानमध्ये मोठ्या इफ्तारनंतर नऊ अंडी उरली. थोरल्या पुतणीने ती रात्रीच डब्यात भरली, वर तारीख लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या टिक्क्या झाल्या.

फुफू ताटावर बसल्या, टिक्की हातात घेतली आणि आधी विचारलं, "किती वाजता उकडली होती गं?" पुतणी म्हणाली, "काल साडेपाचला, फुफी. सातच्या आत फ्रिजमध्ये होती." तेव्हा त्यांनी बिस्मिल्लाह म्हणून घास घेतला, आणि दुसरी टिक्की भाभींच्या ताटात ठेवली.